किल्ली ऑफिसात आहे

फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहायची पद्धत ज्याने कुणी सुरू केली असेल, त्याच्यावर माझा राग आहे. हा राग शाळेतला नाही. शाळेत मीही वळणदार अक्षरात सुविचार लिहिले आणि शाबासकी घेतली. राग सुरू झाला तो दीड वर्षापूर्वी, अंबाजोगाईत, शनिवारच्या एका दुपारी.

त्या वर्षी मी अकरा जणांना शिकवत होते. लहान मुलांच्या मानसिक आरोग्याचं काम करणारी माणसं तालुक्यांमध्ये तयार व्हावीत म्हणून एका संस्थेने वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला होता. त्यातला सीबीटीचा भाग माझ्याकडे होता. सीबीटी म्हणजे सोप्या भाषेत एवढंच : मूल घाबरतं तेव्हा त्याच्या मनात नेमका कोणता विचार येतो तो पकडायचा, तो कितपत खरा आहे हे मुलाबरोबर बसून तपासायचं, आणि छोटे छोटे प्रयोग करून बघायचं. उपदेश करायचा नाही. धीर द्यायचा नाही. तपासायचं.

मला ही पद्धत आवडली त्याचं कारण आमचं घर. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील नोकरी सांभाळून चळवळीत होते. संध्याकाळी जेवणाची ताटं उचलली की त्याच जागेवर पत्रकांचे गठ्ठे सुटायचे आणि आम्ही सगळे घड्या घालायला बसायचो. मी वाचायला शिकले ती त्या घड्या घालताना. बसस्टँडवर पत्रक हातात घेणारा माणूस ते खिशात ठेवणार की चार पावलांवर टाकणार, हे मला आठव्या वर्षी चेहऱ्यावरून कळायचं. वडील माझ्या मजकुरातली विशेषणं खोडायचे. "आधी जाऊन बघ, मग लिही," म्हणायचे. "कुलूप कुठल्या दारावर आहे ते सांग. अन्याय अन्याय ओरडू नकोस." कुलपाचं उदाहरण त्यांनी का दिलं असेल कोण जाणे. मला ते पुढे आठवलं, पण फार उशिरा.

माझ्या अकरा जणांत नऊ बायका आणि दोन पुरुष. शिक्षिका, एक नर्स, अंगणवाडीतल्या दोघी. कुणी उमापूरकडून दोन बस बदलून यायचं, कुणी धर्मापुरीहून. पुरुषांपैकी एक होते गुरुजी. पन्नाशी ओलांडलेले, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला एका खेड्यात शिकवणारे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. वर्गात सगळ्यांत आधी हजर आणि सगळ्यांत जास्त लिहून घेणारे.

पहिल्याच महिन्यात मी त्यांना विचारांचा तक्ता शिकवला. काय घडलं, मनात काय आलं, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरोधात काय, आणि सगळं बघून आता काय वाटतं, असे पाच रकाने. सरावासाठी एक काल्पनिक मुलगा दिला : पोट दुखलं की त्याला वाटतं आपण मरणार. अकरापैकी दहा जणांनी शेवटच्या रकान्यात सुविचार लिहिला. गुरुजींचा होता, 'हसतमुख विद्यार्थी सर्व संकटांवर मात करतो.' खाली रेघ मारलेली.

"गुरुजी, पोट दुखत असलेल्या मुलाला हे खरं वाटेल?"

"वाटाया पायजे, मॅडम. रोज लिव्हलं की वाटतंय. आमी तीस वर्षं लिव्हतोय."

"तुम्हाला स्वतःला वाटतं?"

"मला कावून वाटावं? मी काय इद्यार्थी हाय का?"

वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले. मी नाही हसले. मी फळ्याकडे वळले आणि खडू मोडला. तीस वर्षं हा माणूस मुलांच्या डोक्यात असं काहीतरी घालत होता, जे त्याला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. आणि त्याला शंकाही आली नव्हती.

सुविचार न लिहिणारी अकरावी म्हणजे एका फळवाल्याची मुलगी. तिच्या वडिलांचा गाडा स्टँडजवळ लागायचा. घरात पदवी घेतलेली ती पहिली. तिच्याकडे उपचारासाठी येणारी मुलं तिला आपा म्हणायची, म्हणून मीही इथे आपाच म्हणते. आपाच्या तक्त्यात शेवटचा रकाना कोरा होता. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, पोराला इचारल्याबिगर मी कसं लिव्हू? त्यो तर हितं न्हाईच."

तिला शिकवायला माझ्याकडे फारसं काही नव्हतं, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं.

गणपतीच्या आसपास आपाने तिची पहिली केस वर्गात मांडली. तिच्या गल्लीतली सहावीतली मुलगी. वडील मोटरसायकल मेकॅनिक. रोज सकाळी मुलीचं पोट दुखायचं, उलटी व्हायची, रडारड व्हायची, आणि दहा वाजले की सगळं थांबायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. महिनाभरात ती शाळेत मोजके दिवस गेली होती. मेकॅनिक आपाला म्हणाला होता, "बेटा, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघतो. मग नाव काढतो शाळंतून. घरी शिलाई शिकंल. रोज सकाळी लेकराचे हे हाल मला बघवत न्हाईत."

वाईट माणूस नव्हता. तो थकला होता. पण दिवाळीपर्यंत मुलगी शाळेत गेली नसती तर तिची शाळा सहावीतच संपणार होती, हे अकरा जणांसमोर स्वच्छ मांडलं गेलं होतं. त्याबद्दल कुणाला काही शंका नव्हती.

आपाने मुलीचं वाक्य दखनीतच उतरवून आणलं होतं. 'किलास में छुट जाएगी, सब हसेंगे मेरे कू.' वर्गात लघवी सुटेल, सगळे हसतील. शंभरपैकी किती खरं वाटतं? शंभर. आजवर कधी झालंय? न्हाई.

मी खूश झाले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण झाले. इतकी पुस्तकातल्यासारखी केस! फळ्यावर मी गोल काढला. भीती वाटते म्हणून लघवी लागल्यासारखं वाटतं, म्हणून पाणी बंद, म्हणून आईला सांगून निघण्याआधी तीनतीनदा बाथरूमला जाऊन येणं, म्हणून शेवटी शाळाच नको. बाण काढले. वेगवेगळ्या रंगांचे खडू वापरले. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं, गुरुजींनी तर पट्टीने.

मग भीतीची शिडी केली. पहिली पायरी, शाळा सुटल्यावर फाटकापर्यंत जाणं. दुसरी, एक तास वर्गात बसणं. तिसरी, घरून निघताना एकदाच बाथरूमला जाऊन येणं. चौथी, सकाळी पेलाभर पाणी पिऊन मधल्या सुट्टीपर्यंत बसणं आणि काय होतं ते बघणं.

"चौथी पायरी झाली ना," मी म्हणाले, "की शंभराचे चाळीस होतील. बघाच."

सगळ्यांसमोर म्हणाले. शब्द न् शब्द आठवतो.

मुलगी तीन पायऱ्या चढली. दर शनिवारी आपा सांगायची आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. चौथ्या पायरीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, झालं."

"झालं? वा!"

"वा न्हाई, मॅडम. जे व्हाया नको ते झालं."

तिसऱ्या तासाला मुलीने बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, सुट्टीत जा. सुट्टी झाल्यावर ती धावत गेली, तर दाराला कुलूप. भिंतीमागे गेली, तर तिथे आठवीची मुलं उभी. परत आली आणि काय करावं न कळून खिचडीच्या रांगेत उभी राहिली. ताट हातात, रांगेत, सगळ्यांच्या मधोमध झालं. घरी पोचायच्या आत तिला नावही पडलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

"कुलूप?" मी विचारलं.

"हौ. संडासाला कुलूप असतंय. किल्ली ऑफिसात हाय म्हणे."

"कधीपासून?"

"काय म्हाईत. मी कदी इचारलंच न्हाई." मग ती म्हणाली, "तुमी बी न्हाई इचारलं."

तिचा आवाज वर गेला नव्हता. आरोपही नव्हता तो. त्यामुळे तो जास्त लागला. मुलगी म्हणत होती, असं होईल. आम्ही म्हणालो, चल, तपासून बघू. पाणी आम्ही पाजलं, वर्गात आम्ही बसवलं, आणि जे कधीच झालं नव्हतं ते घडवून आणून 'बाजूने पुरावा' या रकान्यात तिला लिहून दिलं. एवढी मोठी विद्या, रंगीत खडू, बाण. आणि अकरा शिकाऊ आणि त्यांची शिक्षिका, यांच्यापैकी एकानेही विचारलं नाही की बाळ, लागली तर तू जाणार कुठं?

त्यानंतरच्या शनिवारी मी फळ्याला हात लावला नाही. बसले आणि विचारलं, "शाळेत असताना तुमच्यापैकी कोण कोण पाणी प्यायचं?"

नऊ बायका. एकही हात वर नाही.

"म्हंजे... बाटली न्यायचे की," एक शिक्षिका म्हणाली. "पाटी पुसायला."

"मी तर अजून पीत न्हाई," नर्स म्हणाली. "ड्युटीला निघायच्या आदी चहा बी सोडते. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! मीही तेच केलं होतं. बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. आई म्हणायची, ओझं तरी कशाला वाहतेस? पत्रकांवर वाढलेल्या त्या घरात सगळ्या जगाचं कुलूप कुठल्या दारावर आहे याची चर्चा व्हायची. माझ्या शाळेतल्या त्या एका दाराबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही. आम्हा दहा जणींना हे इतकं लहानपणी आणि इतकं पक्कं शिकवलं गेलं होतं, की त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. बाहेरच्या एखाद्या अडाणी माणसाने पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं. आम्ही जाणत्या होतो, म्हणून चुकलो.

गुरुजींनी त्या दिवशी काही लिहून घेतलं नाही.

सोमवारी मी आपाबरोबर त्या शाळेत गेले. भिंतीवर हात धुणारी गुबगुबीत मुलं रंगवलेली. फळ्यावर त्या दिवशीचा सुविचार होता, इच्छाशक्तीबद्दल. मागे दोन संडास, टाइल्स लावलेले, निळ्या दारांचे, आणि दारांवर पितळी कुलपं. कुलपं चकचकीत होती. ती कुणीतरी पुसत असावं.

मुख्याध्यापकांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. केसबद्दल आम्ही एक शब्द काढला नाही. नुसतं कुलपाचं विचारलं.

"किल्ली ऑफिसात हाय ना. पायजे तवा मागायची. कोण नको म्हणतंय?"

"आजवर किती मुलींनी मागितली?"

"एकीनं बी न्हाई!" ते जिंकल्यासारखे हसले. "म्हंजे गरज न्हाई, मॅडम."

"सहावीतली मुलगी इथे येऊन, चार सर बसलेले असताना, संडासाची किल्ली मागेल?"

"त्याला आत्मविश्वास पायजे. त्येच तर तुमी लोक शिकिवता न्हवं?"

चहा आला होता. तो मी प्यायले नाही. आपाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, टेबलाखालून.

"आन् पाण्याचं बी बघा की," ते पुढे म्हणाले, "टँकर येतोय दोन दिसाला. उघडं ठिवलं तर घाण करतेत. धुणार कोण? तपासणी आली, पाव्हणे आले, तर दाखवाया एक तरी नीट पायजे का नको?"

म्हणजे ते संडास पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी होते. त्यात जायचं नव्हतं, ते बघायचे होते. आणि मुलगी आजारी होती, असं आमच्या वहीत लिहिलेलं होतं.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. पंचवीस मिनिटांत. वडिलांनीही फार काही खोडलं नसतं असं : ठिकाण होतं, दार होतं, कुलूप होतं, मुख्याध्यापकांची वाक्यं जशीच्या तशी होती, आणि खिचडीच्या रांगेतली सहावीतली मुलगी होती. तिचं नाव अर्थातच नव्हतं. संध्याकाळी ते घेऊन मी स्टँडवर गेले. आपा वडिलांच्या गाड्यावर बसली होती. ते नमाजाला गेले होते. तिने उभ्या उभ्या वाचलं.

"लई भारी लिव्हलंय," ती म्हणाली. "छापू नका."

"का?"

"सहावीत पोरी नऊच हायेत, मॅडम. नाव कशाला लागतंय?" एका गिऱ्हाइकाला तिने पेरू निवडून दिले आणि परत माझ्याकडे वळली. "हे वाचून लोकांच्या ध्यानात काय ऱ्हाईल? किल्ली? न्हाई. कुणाचं सुटलं त्ये. तिचे अब्बा दिवाळीची बी वाट बघणार न्हाईत मग."

"अशीच तर सगळी प्रकरणं दाबतात, आपा! मुलीच्या अब्रूच्या नावाखाली. कुलूप लावणारा सुरक्षित, आणि आपणच गप्प."

"मी कुटं गप बसा म्हनले?" आता तिचाही आवाज चढला. "तुमीच शिकिवलं ना, दुसऱ्या रकान्यात पोराचं वाक्य पायजे, आपलं न्हाई. मग ह्यातलं एक वाक्य दावा तिचं. समदं तुमचं हाय. तिला इचारलं का तिला काय पायजे?"

शेजारच्या केळीवाल्याने मान वळवून बघितलं. मी पत्रकाची चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली. राग गेला नाही. पण ती बरोबर होती.

आपाने मुलीला विचारलं. मुलगी त्या दिवसापासून घराबाहेरच पडली नव्हती. दोन भेटींत ती काहीच बोलली नाही, तिसऱ्या भेटीत एवढं म्हणाली, की मला किल्ली मागायची न्हाई. मागितली की समद्यांना कळतं.

"मग कुठं असावी किल्ली?"

"खिळ्याला," मुलगी म्हणाली. "वर्गाच्या भायेर. अब्बाच्या गॅरेजमधी पाने असतेत तशी. ज्याला लागतंय त्यो काढतोय, काम झालं की परत लावतोय. कुणाला इचारावं लागत न्हाई."

हे आपाने वर्गात वाचून दाखवलं. पुढच्या शनिवारी गुरुजी वर्गात उठले. त्यांनी शर्टाच्या खिशातून, त्या दोन पेनांच्या मागून, एक किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली जुनी किल्ली.

"आमच्या शाळंची," ते म्हणाले. "माझ्या ड्रावरमधी हुती. नऊ वर्षं."

चिठ्ठी त्यांनी बोटाने सरळ केली.

"मागितली असती तर दिली असती, मॅडम. कुणी मागितलीच न्हाई."

त्या मुख्याध्यापकांचंच म्हणणं. मला त्यांना जवळ घेऊन शाबास म्हणावंसं वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. मला त्यांचा त्या क्षणी संताप आला होता. नऊ वर्षांत किती मुली त्या शाळेतून गेल्या असतील, याचा हिशेब माझ्या डोक्यात सुरू झाला आणि मी तो थांबवला नाही. मी म्हणाले, "मग इथे कशाला आणली? तिथे आज शाळा बंद असली तरी सोमवारी लागेल ना."

"ही दुसरी हाय. एक कालपासून खिळ्याला हाय." ते खाली बसले. मग मान वर न करता म्हणाले, "त्या हेडमास्तरकडं मी जातो. आमी दोघं एका ट्रेनिंगला हुतो. पण तुमी बोलू नका. तुमी बोलला की त्यो भांडतोय."

गेलो. गुरुजी दहा दिवसांनी मोकळे झाले आणि मग आम्ही गेलो. तोवर दिवाळीची सुट्टी आठवड्यावर आली होती. मला त्यांनी व्हरांड्यात उभं केलं. खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं. आधी पंधरा मिनिटं बदल्यांच्या गप्पा झाल्या. कोण कुठं गेलं, कुणाला घराजवळ मिळालं. मी दात आवळून उभी. मग गुरुजी म्हणाले, "सर, माझ्या ड्रावरमधी नऊ वर्षं संडासाची किल्ली हुती. आता खिळ्याला लावली."

"आन् घाण झाली तर?"

"झाली की. दुसऱ्याच दिवशी."

"बघा! मग?"

"मग काय, बादली घेतली आन् धुतली."

"कुणी? शिपायानं?"

"मी."

आत कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमी?"

"मेलो न्हाई, सर. हितं बसलोय की तुमच्याम्होरं."

शेवटी मुख्याध्यापकांनी शिपायाला हाक मारली. हातोडी मिळेना म्हणून शिपायाने खिळा दगडाने ठोकला. सहावीच्या वर्गाबाहेर, मुलीच्या उंचीला. ठोकायला जेमतेम एक मिनिट लागलं असेल. "हरवली तर जबाबदारी माझ्यावर न्हाई," मुख्याध्यापक दारातून म्हणाले. त्या एका मिनिटाच्या कामासाठी आम्ही सात आठवडे एका अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात शोधाशोध करत होतो. आणि ते काम झालं तेही एका मास्तरने दुसऱ्या मास्तरला सांगितल्यामुळे. त्याचाही मला राग आला, अजून येतो.

पण खिळा ठोकल्याने मुलगी शाळेत जाते असं नाही. नाव पडलेलंच होतं. आपाने तिच्याबरोबर नवा तक्ता केला. 'सगळे हसतील' याच्या बाजूने पुरावा : हसले. विरोधात : काही नाही. आपाने तो रकाना कोराच सोडला. वर्गात एका शिक्षिकेने विचारलं, इथं काहीतरी चांगलं लिहायला नको का? आपा म्हणाली, "नसंल तर कुठनं आणू?" शेवटच्या रकान्यात मुलीच्या हातचं, वेडंवाकडं होतं : 'लागलं तर मी जाईन. किल्ली खिळ्याला हाय. हसतेल ते हसतेल.' किती खरं वाटतं? साठ. त्या वर्षी अकरा जणांनी मिळून भरलेल्या सगळ्या तक्त्यांत शेवटच्या रकान्यात लिहिलेलं मला खरं वाटलेलं ते पहिलंच वाक्य. गुरुजींनी ते वहीत उतरवून घेतलं. पट्टी न वापरता.

सुट्टी लागायच्या आधी ती एकदा गेली, दोन तास बसली आणि परत आली. मेकॅनिक म्हणाला, सुट्टीनंतर पंधरा दिवस बघतो, त्याच्या पुढं न्हाई. त्याला रांगेतली गोष्ट मुलीनेच सांगितली होती, आपाला शेजारी बसवून. तो बराच वेळ हातातला पाना पुसत बसला, आपा म्हणाली. मग गॅरेजमधल्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून त्याने मुलीला दिला. किल्लीला बांध, म्हणाला, हरवणार न्हाई.

त्या पंधरा दिवसांतल्या नवव्या की दहाव्या दिवशी मी आपाचं काम बघायला शाळेत गेले. आपा अजून यायची होती. तास सुरू होते, व्हरांडा रिकामा. सहावीच्या वर्गाबाहेर खिळा होता. खिळ्याला काहीच नव्हतं.

मला माहीतच होतं, असं वाटलं. दिवाळी झाली, तपासणी येणार असेल, किल्ली गेली ऑफिसात. पर्समध्ये ती चौघडी अजून होती. मी तशीच ऑफिसकडे वळले. काय बोलायचं ते पाठ होतं. आता मला कुणी व्हरांड्यात उभं करणार नव्हतं.

"सरका ना, मॅडम."

निळ्या गणवेशातली एक बारीक मुलगी मागून आली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिनेही मला. तिच्या बोटात काळ्या रबराचा फास होता आणि फासाला किल्ली. हात ओले होते. मी सरकले. तिने किल्ली खिळ्याला अडकवली, सरळ लटकते का बघितलं, ओले हात फ्रॉकला पुसले आणि वर्गात गेली. आत कुणीतरी ते नाव हळूच म्हणालं, मला ऐकू आलं. कुणीतरी खिदळलं. बाक सरकल्याचा आवाज झाला, ती बसली असावी.

मी तिथेच उभी होते. थोड्या वेळाने वर्गातून दुसरी एक मुलगी बाहेर आली. माझ्याकडे बघितलंही नाही. खिळ्यावरची किल्ली काढली आणि निघाली.